जे सारखं ते यंत्राला, जे एकेकीचं ते आपल्या हातात

(नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत सल्ला केंद्रांवर आणि बचत गटांत लिखापढीचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचं दोन दिवसांचं शिबिर लातूरला झालं. त्यातल्या पहिल्या सकाळचं हे भाषण. बोलताना कीबोर्डच्या कळा उच्चारून सांगितल्या होत्या, छापतानाही त्या तशाच ठेवल्या आहेत.)

मैत्रिणींनो,

किनवट, देगलूरच्या बाया काल रात्रीच मुक्कामाला आल्या. नांदेडच्या पहाटेची एसटी धरून लोहा, अहमदपूर करत आत्ता पोचल्या. सगळ्यांचा चहा झालाय असं धरते आणि सुरुवात करते.

मला विषय दिलाय तो कीबोर्डच्या युक्त्यांचा. पत्रक वाचून दोघीतिघींनी फोन केला. "ताई, पोटगी, मारहाण, सातबाऱ्यावर नाव, एवढे प्रश्न पडलेले असताना आपल्या शिबिरात टायपिंग कुठून आलं?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायला मला थोडं मागं जावं लागेल.

मी मूळची नांदेडची. बारावी झाल्यावर, १९९२ साली, मला टायपिंगच्या क्लासला घातलं. कारण एवढंच की लग्न ठरेपर्यंत पोरगी घरी बसून राहू नये. ओळीनं मशिनी मांडलेल्या, त्यांचा तो खडखडाट. बोटं मधल्या ओळीवर आणि नजर कागदावर, हा तिथला नियम. कळांकडं बघितलं की क्लासच्या बाई पुठ्ठ्यानं आमचे हात झाकून टाकायच्या. मराठीचे मिनिटाला तीस शब्द झाले, परीक्षा पास झाले. सरकारी लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मराठीला तीस आणि इंग्रजीला चाळीस शब्दांची अट असते, ती अजून तीच आहे. मशिनी मात्र गेल्या. २०१७ साली मशीनवरची शेवटची परीक्षा झाली आणि त्यानंतर सगळं संगणकावर आलं.

लग्न काही लवकर ठरलं नाही. मी कोर्टाजवळच्या एका टायपिंगच्या दुकानात कामाला लागले. दुकानाचं नाव सांगत नाही, तसलं दुकान प्रत्येक कोर्टासमोर असतं. पानाप्रमाणे पैसे. चुकलेलं पान पुन्हा टाईप केलं तर त्याचे नाहीत. पुढं दुकानात संगणक आले. शेजारच्या संगणकावर मालकाचा भाचा बसायचा. एकदा पन्नास पानांच्या कागदात एका पक्षकाराचं नाव चुकलं होतं. मी पहिल्या पानापासून एकेक नाव खोडत बसले. तो उठून आला, दोनचार कळा दाबल्या, सगळ्या पानांवरचं नाव बदललं. मी विचारलं, "हे कसं केलं?" तो म्हणाला, "तुम्ही टाईप करा ताई, हे आमचं काम आहे."

तो ऑपरेटर आणि मी टायपिस्ट. त्याला महिन्याचा पगार आणि मला पानाचे पैसे. आमच्या दोघांत फरक होता तो त्या दोनचार कळांचा. वेगात मी त्याच्या दुप्पट होते. पण त्या कळा त्यानं सांगितल्या नाहीत आणि मीही पुन्हा विचारल्या नाहीत. आपल्यापैकी किती जणींनी असं एकदा विचारून गप्प बसणं केलंय, ते मनातल्या मनात मोजा.

एक अर्ज, जो लिहून झालाच नाही

दुसरी गोष्ट त्याच दुकानातली. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा झाला २००५ साली आणि अंमलात आला २६ ऑक्टोबर २००६ ला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात एक बाई अर्ज लिहायला आली. वकिलाचा मसुदा नव्हता, तोंडीच सांगत होती. ती सांगे, मी टाईप करी. पान झालं की छापायला शेजारच्या टेबलावर जायचं, तिथून दुरुस्तीला माझ्याकडं, मग पुन्हा छापायला. प्रत्येक टेबलावर एकेक जण ते पान वाचत होता. रात्री काय होतं ते सांगताना ती थांबली. चारी बाजूला बघितलं आणि म्हणाली, "राहू द्या बाई. एवढंच पुरे." अर्धा अर्ज घेऊन गेली. पुढं त्याचं काय झालं मला माहीत नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की कागद कुणाच्या हातून तयार होतो हा साधा प्रश्न नाही. जिला स्वतःला दुरुस्ती करता येत नाही, तिला दुसऱ्याच्या टेबलावर जावं लागतं. आणि तिच्याबरोबर त्या बाईची गोष्टही तिथं जाते. पुढं लग्न होऊन मी लातूरला आले, सल्ला केंद्रावर काम करू लागले, तेव्हा ठरवलं की लिहिणं, दुरुस्ती, छपाई, सगळं एकाच टेबलावर, एकाच बाईच्या हातून होईल. म्हणून हा विषय या शिबिरात आहे.

बोटांना येतंय त्याचा उपयोग

आमच्या केंद्रावर एक जुना संगणक आला, कुणाच्यातरी ऑफिसातून टाकून दिलेला. माऊस चालत नव्हता. अभियांत्रिकीला असलेली माझी भाची सुट्टीत आली होती. ती म्हणाली, "मावशी, माऊस कशाला पाहिजे? तुझी बोटं आहेत की." तिनं त्यावर व्हिम नावाचा प्रोग्राम उघडून दिला. हा मजकूर लिहिण्या-सुधारण्याचा प्रोग्राम आहे. तो फुकट मिळतो, जुन्या संगणकावर चालतो आणि सगळा कीबोर्डवर चालतो.

याचा इतिहास थोडक्यात सांगते. याचा पूर्वज ‘व्हीआय’ हा अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात बिल जॉय या विद्यार्थ्यानं १९७६ साली लिहिला. तो घरून काम करायचा आणि फोनच्या तारेवरून अक्षरं इतकी सावकाश यायची की प्रत्येक हुकूम एकदोन अक्षरांतच असला पाहिजे. ज्यांच्या गावात रेंज येते-जाते त्यांना ही अडचण समजावून सांगायला नको. पुढं ब्राम मोलेनार या डच गृहस्थानं १९९१ साली व्हिम काढला आणि ३ ऑगस्ट २०२३ ला वारेपर्यंत तो सुधारत राहिला. मधे १९९४ साली तो युगांडातल्या किबाले गावात मुलांच्या केंद्रावर पाण्याची आणि स्वच्छतेची कामं करायला गेला होता. एड्सनं आईबाप गेलेली लेकरं तिथं होती. म्हणून व्हिम उघडला की पहिल्याच पडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी ओळ दिसते. किंमत मागितली नाही, मदत मागितली.

आता कामाचं. आत शिरायच्या आधी बाहेरचा दरवाजा बघून ठेवावा, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. व्हिममध्ये अडकलात तर एस्केप दाबा. मग कोलन, डब्ल्यू, क्यू आणि एंटर: जतन करून बाहेर. काहीच ठेवायचं नसेल तर कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. शिकलेसवरलेले पोरगेही इथं अडकतात.

व्हिमच्या दोन अवस्था आहेत. एक लिहिण्याची, एक हुकमाची. उघडला की तो हुकमाच्या अवस्थेत असतो. आय दाबलं की लिहिता येतं. एस्केप दाबलं की पुन्हा हुकूम. स्वयंपाक करताना हात पिठात असतात तेव्हा आपण डब्याला हात लावत नाही, धुऊन मग लावतो, तसंच हे. एस्केप म्हणजे हात धुणं.

हुकमाच्या अवस्थेत एच डावीकडं नेते, जे खाली, के वर, एल उजवीकडं. या चारच कळा का? बिल जॉय ज्या यंत्रावर काम करत होता त्यावर बाणांची चिन्हं याच चार कळांवर छापलेली होती. आणि या सगळ्या मधल्या ओळीवर, उजव्या हाताखाली. ज्या बायकांनी टायपिंगचा क्लास केलाय, त्यांची बोटं आधीपासून तिथंच बसलेली आहेत. दोन बोटांनी शोधत टाईप करणाऱ्या पोरांपेक्षा आपण इथं दोन वर्षं पुढं आहोत. बोटांत विद्या आहे, ती आपण कधी विद्या म्हणून मोजली नाही.

उरलेलं व्याकरणासारखं आहे. डी म्हणजे काढ, सी म्हणजे बदल, वाय म्हणजे नकलून घे. डब्ल्यू म्हणजे शब्द. म्हणून डी डब्ल्यू: शब्द काढ. सी डब्ल्यू: शब्द बदल. डी डी: अख्खी ओळ काढ. पी दाबलं की काढलेलं पुन्हा ठेवता येतं. इथं क्रिया आधी येते, ती इंग्रजीची रीत. आपल्याला "हा शब्द काढ" अशी सवय, आधी वस्तू मग क्रिया. त्यांनी व्ही दाबावं, हवा तो मजकूर निवडावा आणि शेवटी डी दाबावं. दोन्ही चालतं.

चुकलं तर यू. जितक्या वेळा दाबाल तितकं मागं जातं. फार मागं गेलात तर कंट्रोल आणि आर. सगळाच गोंधळ झाला असेल तर कोलन, मग इंग्रजीत ‘अर्लिअर’ लिहून जागा सोडून ‘१० एम’ आणि एंटर. कागद दहा मिनिटांपूर्वी होता तसा होतो. संसारात ही सोय नाही, इथं आहे.

मराठीसाठी तीन गोष्टी

व्हिमच्या इंग्रजी वह्यांत या सापडत नाहीत, म्हणून नीट ऐका.

पहिली. आपण मराठी इनस्क्रिप्टवर टाईप करतो. त्यात एच वर प, जे वर र, के वर क, एल वर त असतो. हुकमाच्या अवस्थेत कीबोर्ड मराठीत राहिला तर व्हिमला प-र-क-त ऐकू येतं आणि तो हलत नाही. पुष्कळ जणी इथंच "बिघडलं" म्हणून उठतात. बिघडलेलं नसतं. कीबोर्ड इंग्रजीत आणा. किंवा व्हिमलाच शिकवून ठेवा: कोलन, सेट, जागा, लँगमॅप, बरोबरचं चिन्ह आणि पुढं जोड्या: पएच, रजे, कके, तएल, गआय. जोडीतलं पहिलं अक्षर मराठी, दुसरं इंग्रजी. दोन जोड्यांमध्ये स्वल्पविराम, मोकळी जागा नाही. मग मराठीत असतानाही निदान हलता येतं आणि ग दाबून लिहायला लागता येतं.

दुसरी. ‘सौ’ लिहायचं होतं आणि ‘सै’ झालं. बॅकस्पेस दाबलं की व्हिम अक्षर आणि मात्रा दोन्ही खातो. त्याला सांगा: कोलन, सेट, जागा, ‘डेलकंबाइन’ आणि एंटर. मग फक्त मात्रा जाते, स राहतो. आपल्या भाषेत निम्म्या चुका वेलांटी-उकाराच्याच असतात, तेव्हा ही एक ओळ दिवसाचे किती श्रम वाचवते ते बघा.

तिसरी. काळ्या खिडकीत जोडाक्षरं कधी तुटकी दिसतात. घाबरू नका. फाईलमध्ये अक्षर शाबूत असतं. छापण्याआधी तीच फाईल दुसऱ्या, साध्या लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये उघडून बघायची.

आणि वीज. भारनियमनाच्या वर्षांत दुकानात टाईप केलेलं उडालं की ते पान आमच्याच नावावर जायचं. व्हिम लिहिता लिहिता बाजूला एक नक्कल ठेवत जातो, दर दोनशे अक्षरांना किंवा तुम्ही चार सेकंद थांबलात की. वीज गेली, परत आली, फाईल उघडली की तो सांगतो की अर्धवट नक्कल सापडली, काय करू? आर दाबा. गेलेलं जवळजवळ सगळं परत येतं. पण एक लक्षात ठेवा. मजकूर परत आला की तो जतन करा आणि ती उरलेली नक्कल काढून टाका. तिच्यात एखाद्या बाईची सगळी हकीकत असते. संगणक चौघांचा असेल तर ती चौघांना सापडते.

‘श्रीमती पंप’ कोण्या गावची?

आता ज्या दोनचार कळा मला पाच वर्षं कुणी सांगितल्या नाहीत, त्या सांगते. आणि त्यांनी मला कसं तोंडघशी पाडलं तेही.

आमच्या भागातल्या गटांची एक यादी होती. तीनशेच्या वर नावं, पुढं कुणाला काय मिळालं त्याची नोंद. नावांआधी सौ., कु., गं. भा. असं सगळं. बैठकीत बायकांनीच विषय काढला. बाप्याच्या नावाआधी त्याची बायको जिवंत आहे का मेली ते लिहितात का? मग आमच्याच नावाआधी नवऱ्याचा हिशेब कशाला? ठरलं की सगळ्यांच्या आधी एकच, श्रीमती. तुम्हाला आठवत असेल, २०२३ च्या एप्रिलमध्ये विधवा शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ लिहावं असा प्रस्ताव राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांकडून पुढं आला आणि राज्यभरातून टीका झाली. तेव्हा हा प्रश्न जुना झालेला नाही.

तर मी हुकूम दिला. कोलन, टक्क्याचं चिन्ह, एस, तिरपी रेघ, सौ आणि टिंब, तिरपी रेघ, श्रीमती, तिरपी रेघ, जी, एंटर. टक्का म्हणजे सगळ्या फाईलभर. एस म्हणजे बदल. जी म्हणजे एका ओळीत जितक्या वेळा असेल तितक्या वेळा. क्षणात झालं. मी छापलं आणि बैठकीत मोठ्यानं वाचू लागले. वाचता वाचता आलं, "श्रीमती दिवा, एक नग." पुढं, "श्रीमती पंप." एक म्हातारी मावशी शांतपणे म्हणाली, "ही श्रीमती पंप कोण्या गावची गं?" सगळी बैठक हसली.

झालं असं की व्हिमला टिंब म्हणजे टिंब नव्हे, टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर. ‘सौ’ आणि त्यापुढं कुठलंही अक्षर. ‘सौर’ त्यात बसतं. सौर दिवा, सौर पंप, सगळ्यांच्या श्रीमती झाल्या. टिंबाला टिंबच म्हणायचं असेल तर त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ द्यायची. हे एक. दुसरं, आणि जास्त महत्त्वाचं: शेवटी जी च्या पुढं सी लावायचं. मग व्हिम प्रत्येक ठिकाणी थांबतो आणि विचारतो, इथं बदलू? हो असेल तर वाय, नाही तर एन, पुरे असेल तर क्यू. विचारल्याशिवाय बदलणारा हुकूम नावांच्या यादीवर कधी देऊ नका.

याच यादीवर दुसरी एक युक्ती फार कामाला आली. कार्यालयाच्या नमुन्यात आडनाव आधी होतं, आम्हाला बाईचं नाव आधी हवं होतं. एकदा केलेलं काम व्हिम लक्षात ठेवतो. क्यू आणि ए दाबलं की तो बघायला लागतो. मग शून्य, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला. डी डब्ल्यू, आडनाव निघालं. मोठा ए, म्हणजे ओळीच्या शेवटी लिहायला. एक जागा, एस्केप, पी, आडनाव शेवटी बसलं. जे, खालच्या ओळीवर. क्यू, बघणं बंद. आता ३०० लिहून, अ‍ॅट चं चिन्ह आणि ए. तीनशे ओळी आपोआप. शेवटची ओळ आली की स्वतःच थांबतो. जोड आडनाव असेल तिथं मात्र चुकतं, तेव्हा खाली-वर नजर टाकायचीच. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव बापाच्या नावाआधी लिहायचा शासनाचा निर्णय झालाय. अशा किती याद्या पुढं नव्यानं लिहाव्या लागतील, त्या बसून खोडण्यात आपलं आयुष्य घालवायचं नाही.

तो दारूला शिवत नव्हता

आता जी गोष्ट सांगायला मी खरं तर उभी आहे ती.

व्हिमला संक्षेप शिकवता येतात. कोलन, ए, बी, जागा, ‘कह’, जागा, ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’, एंटर. यानंतर लिहिताना ‘कह’ लिहून जागा सोडली की सगळं नाव उमटतं. न्यायालयाचं नाव, पत्ता, कलम बाराखालचा अर्ज, शेवटची विनंती, सगळ्याचे संक्षेप मी केले. तासाचं काम वीस मिनिटांवर आलं. मला मोठा आनंद झाला आणि मी पुढं गेले. ज्या हकिकती पुन्हा पुन्हा ऐकू येत होत्या त्यांचेही संक्षेप केले. ‘दम’ लिहिलं की ‘गैरअर्जदार दारू पिऊन अर्जदारास मारहाण करतो’ अशी अख्खी ओळ.

एका अर्जात ती ओळ अशीच उमटली. घाईचा दिवस होता. मी वाचून दाखवलं नाही, तिनं अंगठा केला. पुढं उलटतपासणीत समोरच्या वकिलानं तिला विचारलं, "तुमचा नवरा दारू पितो?" ती खरं बोलणारी बाई. म्हणाली, "नाही." वकिलानं अर्ज वर धरला. मग हे काय लिहिलंय? एवढं खोटं असेल तर बाकीचं खरं कशावरून?

तो दारूला शिवत नव्हता. शुद्धीत मारत होता. तिची तक्रार त्याहून वाईट होती आणि माझ्या दोन अक्षरांनी ती हलकी करून टाकली. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवशी मी ते सगळे संक्षेप काढून टाकले आणि वहीत एक नियम लिहिला. जे सगळ्यांचं सारखं आहे ते यंत्राला द्यायचं. जे एकेकीचं आहे ते आपल्या हातात ठेवायचं. कायद्याचं नाव सगळ्यांचं सारखं, न्यायालयाचा पत्ता सारखा. मार मात्र कुणाचा सारखा नसतो. साच्यात घातलेलं दुःख कोर्टात टिकत नाही आणि ज्या बाईचं ते असतं तिलाही ते आपलं वाटत नाही.

मग वाचलेल्या वेळाचं काय करायचं? वाचून दाखवायचं. त्यालाही युक्त्या आहेत. अर्ज मोठ्यानं वाचताना ती म्हणाली, "असं नव्हतं झालं," की तिथं एम आणि ए दाबा, खूण राहते. दुसऱ्या जागी एम आणि बी. वाचणं तोडू नका, तिचं बोलणंही तोडू नका. शेवटी एकेरी अवतरणचिन्ह आणि ए दाबलं की त्या ओळीवर परत. तारीख तिला आठवत नसेल तर तिथं तीन फुल्या लिहून पुढं चला. नंतर तिरपी रेघ, तीन फुल्या, एंटर. टिंबासारखाच फुलीलाही व्हिममध्ये वेगळा अर्थ आहे, म्हणून फुलीसाठी कीबोर्डवरची चांदणी वापरू नका, इंग्रजी मोठा एक्स तीनदा लिहा. एन दाबत गेलात की पुढची, त्यापुढची रिकामी जागा. एकही सुटत नाही.

वाचलेला वेळ कुणाचा?

शेवटचा मुद्दा. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये एव्हलिन बेरेझिन नावाच्या बाईनं स्वतःची कंपनी काढली आणि मजकूर साठवून दुरुस्त करणारं यंत्र बनवलं. १९७१ मध्ये ते बाजारात आलं. एक अक्षर चुकलं की अख्खं पान पुन्हा, या शिक्षेतून टायपिस्ट बायकांना सोडवणारं ते यंत्र, आणि त्याचं नाव होतं ‘डेटा सेक्रेटरी’. २०१८ साली, त्र्याण्णव वर्षांची होऊन ती वारली. आपण लिहिण्याचे प्रोग्राम वापरतो तेव्हा तिचं नाव कुणी सांगत नाही. यंत्र आलं, श्रम वाचले, पण वाचलेला वेळ टायपिस्टच्या घरी गेला असं सगळीकडं झालं नाही. पुष्कळ ठिकाणी मालकानं तेवढ्या वेळात दुप्पट पानं मागितली.

म्हणून पानाप्रमाणे काम करणाऱ्या मैत्रिणींना सांगते, युक्ती जरूर शिका, तो वेळ तुमचा आहे. पगारावर असाल तर दर ठरवताना, काम वाटताना चौघींनी मिळून बोला. एकटी जलद झाली तर तिच्या टेबलावर ढीग वाढतो. चौघी जलद झाल्या तर बोलायला बळ येतं. आणि मनगट दुखत असेल तर थांबा. वेगाचं बक्षीस म्हणून हात गमवायचा नाही.

दुपारी आपण सहा संगणकांवर बसणार आहोत. व्हिमबरोबर ‘व्हिमट्यूटर’ नावाचा अर्ध्या तासाचा धडा येतो, तिथून सुरू करू. आज जेवढ्या कळा ऐकल्यात त्या सगळ्या आठवायची गरज नाही. आय, एस्केप, यू आणि बाहेरचा दरवाजा, एवढ्यावर पहिला आठवडा जातो. दर आठवड्याला एक नवी.

एकच मागणं आहे. जी शिकेल तिनं निदान दोघींना शिकवायचं. कुणी शेजारच्या टेबलावरून विचारलं, "हे कसं केलं?" तर खुर्ची सरकवा आणि तिला बसवा. "हे आमचं काम आहे," हे वाक्य आपल्या केंद्रावर कुणाच्या तोंडी येता कामा नये.

चला, वहीचं पहिलं पान काढा. एस्केप, कोलन, डब्ल्यू, क्यू.